विमान किती उंचावरून उडतं त्यावर आतल्या माणसाचा त्रास ठरतो का? आईला लंडनला न्यायचंय

सई_मुलुंड

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आईला भावाकडे लंडनला घेऊन जायचंय. वय ६८, बीपीची गोळी चालू आहे, हिमोग्लोबिन कायमच जरा कमी असतं आणि थंडी पडली की खोकला आणि धाप लागते. आजवर तिचा विमानप्रवास म्हणजे मुंबई-गोवा आणि मुंबई-दिल्ली एवढाच. गोव्याला जाता-येता काही म्हणजे काही झालं नाही, पण दिल्लीहून येताना डोकं जड झालं, पोट फुगलं आणि मुंबईत उतरताना कान एवढे दुखले की मुलुंडला घरी पोचेपर्यंत तिला नीट ऐकू येत नव्हतं.

भावाचं म्हणणं की गोव्याचं विमान खालून जातं आणि दिल्लीचं जास्त उंचावरून, म्हणून हा फरक. आता लंडनचं विमान तर समोरच्या स्क्रीनवर ३८,००० वगैरे दाखवतं आणि ते पण नऊ-दहा तास, म्हणून मला जास्त काळजी वाटतेय. कमी उंचीवरून जाणारी फ्लाइट अशी काही निवडता येते का? आत्ता दोन पर्याय दिसतायत, एक डायरेक्ट आहे पण बोइंग ७७७ आहे, दुसरा आखातात थांबून, पण दोन्ही टप्प्यांना नवीन विमानं, बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५०. तिकिटात फरक फार नाही. कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, आईने आत्तापासूनच "मला नाही जमायचं" सुरू केलंय.

हँगर_सांताक्रूझ

ताई, मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे, प्रेशरायझेशन, म्हणजे विमानाच्या आत हवेचा दाब राखणं, हे रोजचंच काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

स्क्रीनवरचा ३८,००० हा आकडा पत्र्याच्या बाहेरचा आहे. तिथे हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या जेमतेम पाचवा हिस्सा आणि तापमान उणे ५५ च्या आसपास. आईच्या शरीराला तो आकडा कळतच नाही, तिला कळतो तो आतला दाब. आत जेवढा दाब आहे तेवढा जमिनीवर जितक्या उंचीला असतो, त्या उंचीला आम्ही केबिन अल्टिट्यूड म्हणतो. नियम असा आहे की नेहमीच्या उड्डाणात ती ८,००० फुटांच्या वर जाता कामा नये. बहुतेक वेळा ६,००० ते ८,००० च्या मधे कुठेतरी असते. अंदाज यावा म्हणून सांगतो, महाबळेश्वर साधारण ४,५०० फुटांवर, कळसूबाईचं टोक ५,४०० फुटांवर. म्हणजे खुर्चीत बसून चहा पिताना आपण आख्ख्या महाराष्ट्रात कुठेही चढता येणार नाही एवढ्या उंचीच्या हवेत असतो, आणि तिथे पोचतो टेकऑफनंतर वीस-पंचवीस मिनिटांत.

मग आत सरळ मुंबईएवढाच दाब का नाही ठेवत, हे सगळेच विचारतात. विमानाच्या बॉडीवर येणारा ताण हे कारण. आत-बाहेर दाबात जो फरक असतो तो साधारण साडेआठ पीएसआय (दाब मोजायचं एकक) धरला तरी दर चौरस मीटरला जवळपास ६ टन जोर आतून बाहेर ढकलत असतो, खिडक्यांवर, दारांवर, सगळीकडे. समुद्रसपाटीचा दाब ठेवायचा म्हटला तर तोच ८ टनांच्या वर जाईल, म्हणजे पत्रा जाड, विमान जड, इंधन जास्त. आणि हे प्रत्येक फेरीला एकदा फुगणार, एकदा बसणार, तार वाकवून वाकवून शेवटी तुटते तसं धातूचं होतं. १९५४ मधे कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली ती याच थकव्याने, तेव्हापासून आमच्या धंद्यात हा विषय कोणी हलक्यात घेत नाही.

आता तुमच्या भावाचं. एकाच जातीच्या विमानापुरतं त्याचं बरोबर आहे. ७३७ घ्या, ते २८ हजारावर असेल तर आत साधारण ५,००० फूट असतं आणि ३७ हजारावर गेलं की आत ८,००० च्या जवळ. गोव्याला जाताना विमान नीट वर पोचतंय तोवर खाली यायची वेळ होते, दिल्लीला दीड तास वरच असतं, फरक जाणवणारच. पण वेगवेगळ्या जातीची विमानं घेतली की हा हिशोब मोडतो. काँकॉर्ड, ते आवाजापेक्षा वेगाने जाणारं जुनं विमान, जवळजवळ ६०,००० फुटांवरून जायचं आणि आत साधारण ६,००० च ठेवायचं. ७८७ आणि ए-३५० पण ४० हजारावर असताना आत ६,००० च्या वर जात नाहीत, कारण बॉडी मुख्यतः काँपोझिटची (कार्बन फायबर आणि रेझिनची) आहे, तिला धातूसारखा थकवा येत नाही, आणि गंज लागायची भीती कमी म्हणून आत थोडा जास्त ओलावा पण ठेवता येतो. ७७७ उत्तम विमान आहे, मी त्यावर बरंच काम केलंय, पण ते ८,००० वाल्या पिढीतलं.

उंची मात्र आपल्याला निवडता येत नाही. लंडनला निघालेलं विमान इंधनाने भरलेलं, जड असतं, म्हणून आधी ३० ते ३४ हजारावर राहतं आणि इंधन जळत गेलं की टप्प्याटप्प्याने वर चढतं. पश्चिमेला जाताना साधारण सम हजार मिळतात आणि पूर्वेला येताना विषम, समोरासमोर येणाऱ्यांत १,००० फुटांचं अंतर राहावं म्हणून. तर उंची सोडा, विमानाची जात बघून तिकीट काढा. मी तुमच्या जागी असतो तर ६,००० वालं घेतलं असतं.

सह्याद्री_भटक्या

वरच्या पोस्टला दुजोरा देतो, माझं ट्रेकचं घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं, त्यामुळे विमानात ते बाहेरची नाही, आतलीच उंची दाखवतं. एअरबस ३२० मधे दिल्लीला जाताना ६,५०० ते ७,००० दाखवतं. बऱ्याच मोबाइलमधे पण बॅरोमीटर असतो, त्यात ७८० हेक्टोपास्कलच्या आसपास आकडा आला की समजायचं ७,००० फूट. आणि काहीच नसेल तर बाकरवडीचं पाकीट बघा, वर गेल्यावर टम्म होतं, आणि वरती घट्ट बंद केलेली पाण्याची बाटली मुंबईत उतरल्यावर चेपलेली मिळते.

पण मला खरंच असं वाटतं की एवढं घाबरण्यासारखं काही नाहीये. उटी ७,३०० फुटांवर आहे, तिथे आपले आजीआजोबा जाऊन बोटिंग करून येतात. लेहचा विमानतळ तर १०,६८२ फुटांवर आहे, तिथे उतरताना उलटंच होतं, विमान खाली येत असतं आणि आतली उंची वाढत असते! दरवाजा उघडला की केबिनपेक्षा विरळ हवेत पाय ठेवता, आणि तरी हजारो लोक जातात. सत्तरीच्या लोकांबरोबर मी ट्रेक केलेत, ७,००० ला कोणाला काही होत नाही. दिल्लीहून येताना तुमच्या आईंना जे झालं ते कदाचित सर्दी, जागरण, टेन्शन असंही असू शकेल. जाऊ द्या त्यांना, नाही म्हणायची सवय लागली की पुढे सगळंच बंद होतं, माझ्या आजोळी हे बघितलंय.

छातीचा_डॉक्टर_दादर

भटक्या, निरोगी माणसापुरतं तुझं पटतं, पण उटीला जाणारा घाट चढत हळूहळू जातो आणि तिथे गेल्यावर हिंडतो-फिरतो. विमानात माणूस वीस मिनिटांत वर जातो आणि मग दहा तास एकाच जागी आखडून बसतो.

हवेत ऑक्सिजन वरतीही २१ टक्केच असतो, दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात मिळतो कमी. ८,००० फुटांवरची हवा म्हणजे मुंबईत बसून साधारण १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखं. २००७ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे यावर एक चांगला अभ्यास आला होता, ५०२ लोकांना जमिनीवरच्याच एका चेंबरमधे विमानासारखं बसवून ६५० पासून ८,००० फुटांपर्यंत वेगवेगळा दाब दिला. ८,००० ला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, सरासरी ४.४ टक्क्यांनी उतरलं. पर्वतावर होतो तसा आजार काही वाढला नाही, पण अस्वस्थपणा, अंग दुखणं, थकवा अशा तक्रारी ७,०००-८,००० वाल्यांत जास्त आल्या आणि त्या लगेच नाही, ३ ते ९ तासांच्या दरम्यान दिसायला लागल्या. म्हणून दिल्लीच्या फ्लाइटवरून लंडनचा अंदाज बांधू नये, वेळ हा यात मोठा भाग आहे. आणखी एक, साठीच्या पुढच्यांनी तरुणांपेक्षा कमी तक्रारी केल्या. तर सई, आईचं वय हा काही अडथळा नाही, तिला हे नक्की सांग.

वयापेक्षा मला तिचं हिमोग्लोबिन आणि ती धाप जास्त महत्त्वाची वाटते. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तच कमी आणि त्यात हवेत पण कमी, असं दोन्हीकडून होतं. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास किंवा खाली असेल तर तिकीट काढायच्या आधीच फिजिशियनला भेटायचं. धाप लागते म्हणतेस तर बसल्या जागी सॅच्युरेशन बघ. जुना ठोकताळा असा की ९५ च्या वर असेल आणि चाळीतला एक जिना न थांबता चढता येत असेल तर बहुधा ठीक, ९२ ते ९५ असेल तर छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, काही ठिकाणी तोच १५ टक्के ऑक्सिजन देऊन चाचणी करतात, आणि ९२ च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागणार हे धरून चालायचं. घरचा सिलिंडर आत नेऊ देत नाहीत. बॅटरीवरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) चालतो पण एअरलाइनची परवानगी आधी घ्यावी लागते आणि डॉक्टरांनी भरलेला फॉर्म लागतो, हे काम शेवटच्या आठवड्यात करू नका.

पोटाचं कारण वेगळं आणि सोपं आहे, दाब कमी झाला की आतडीतला वायू तिथेच एक तृतीयांशाने वाढतो. आदल्या रात्री छोले, राजमा, वाल असलं नको, विमानात सोडा-कोल्ड्रिंक नको.

विमानाबद्दल हँगरवाल्यांशी माझं थोडं वेगळं मत. थांबून जायचं म्हणजे दोनदा चढणं, दोनदा उतरणं, कान दोनदा, आणि मधे रात्री-अपरात्री विमानतळावर चालणं. हिच्या आईला उतरताना कानाचा त्रास झालाय, मी डायरेक्टला जास्त वजन दिलं असतं.

कांदिवली_ते_कोची

कामामुळे सारखं उडत असते म्हणून एक वेगळी बाजू सांगते, कारण वर कोणी हलण्याबद्दल बोललंच नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला खरी भीती त्याचीच असते. दाबाचं बघितलं तर खालून उडणं बरं, पण धक्क्यांचं बघितलं तर बहुतेक वेळा वरून उडणं बरं. छोट्या एटीआरने गेलात तर ते २५ हजाराच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे कानाला सोपं पण ढगांमधूनच रस्ता, पावसाळ्यात घाटावरून जाताना पोटात गोळा येतो. मोठी जेट ३५ हजाराला गेली की साधे ढग खाली राहतात आणि तासनतास काही हलत नाही. पण वर म्हणजे नेहमीच शांत असंही नाही, आपल्याकडे एप्रिल-मेमधे आणि पावसाळ्यात जे उंच गडगडाटी ढग होतात त्यांची टोकं ५० हजार फुटांपर्यंत जाऊ शकतात, त्यांच्यावरून जाता येत नाही, बाजूनेच वळसा घालतात. आणि थंडीत उत्तर भारतावरून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, वाहत असतो, तिथे आकाश निळंशार असतं आणि विमान थरथरत असतं, दिल्लीच्या बाजूला मला हे डिसेंबर-जानेवारीत कायम जाणवतं. आईंना पंखाच्या जवळची सीट घ्या, शेपटाकडे जास्त झुलतं. आणि पट्टा बसल्या जागी कायम लावलेलाच, दिवा बंद असला तरी.

एक विचारायचं होतं, २०१८ मधे मुंबई-जयपूर जेट एअरवेजच्या विमानात लोकांच्या नाका-कानातून रक्त आलं होतं, तेव्हापासून माझे सासरे विमानात बसायला तयार नाहीत. ते नेमकं काय झालं होतं?

हँगर_सांताक्रूझ

ताई, त्यात उंचीचा दोष नव्हता. २० सप्टेंबर २०१८ ची गोष्ट, ७३७ होतं. इंजिनातून केबिनसाठी हवा घेतात त्याचा स्विच टेकऑफनंतर चालू करायचा राहिला, त्यामुळे विमान वर जात राहिलं आणि आत दाब भरलाच नाही. मास्क खाली पडले, विमान मुंबईला परत आणलं, तीसेक लोकांना त्रास झाला. आतली उंची १०,००० झाली की कॉकपिटमधे इशारा वाजतो आणि साधारण १४,००० ला मास्क आपोआप सुटतात, ही व्यवस्था आहे म्हणूनच सगळे सुखरूप खाली आले. मास्क पडला तर आधी स्वतः लावायचा मग शेजारच्याला, आणि पायलट विमान झपाट्याने खाली आणतो ते मुद्दाम असतं, १०,००० फुटांवर आलं की मास्कशिवाय श्वास घेता येतो. सासऱ्यांना हे असं सगळं समजावून सांगा, अर्धवट बातमीनेच जास्त भीती बसते.

डॉक्टरांचा डायरेक्टचा मुद्दा पटला. सई ताई, त्याच डायरेक्ट फ्लाइटला वेगळ्या वारी वेगळं विमान असतं का ते बघा, बुकिंग करताना वेळेच्या खाली विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

सई_मुलुंड

तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, एवढं कोणी नीट समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. दादांनी सांगितलं तसं बघितलं तर डायरेक्टमधेच दोन वारी ७८७ आहे, तेच घेतेय. आईचं सॅच्युरेशन ९७ आलं, हिमोग्लोबिन १०.२ आहे, आमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात आणि निघायच्या आधी परत तपासू म्हणालेत. कळसूबाईचं ऐकून आई म्हणाली म्हणजे बसल्या बसल्या माझा ट्रेक होणार, आता जरा उत्साह आलाय.

फक्त कानांचं राहिलं. दिल्लीला उतरताना तिला एवढं नव्हतं झालं, मुंबईला उतरतानाच का? आणि लंडनला काय करायचं?

छातीचा_डॉक्टर_दादर

१०.२ आणि ९७ छान आहे, निश्चिंत जा.

कानाचं असं की वर जाताना कानाच्या आतली हवा आपोआप बाहेर पडते, खाली येताना मात्र घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी आपल्याला उघडावी लागते, ती गिळताना आणि जांभई देताना उघडते. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीला, म्हणजे केबिनला ७,००० वरून थेट शून्यावर यावं लागतं. बेंगळुरूचा विमानतळ ३,००० फुटांवर आहे, तिथे निम्म्याच्या जरा वरच उतरावं लागतं, म्हणून बऱ्याच लोकांना बेंगळुरूला कान दुखत नाहीत आणि मुंबईला दुखतात. दिल्ली ७०० फुटांच्या आसपास, म्हणजे मुंबईहून फार फरक नाही, त्यामुळे तुमच्या वेळी बहुधा आई झोपली असेल किंवा परतताना सर्दी झाली असेल. झोपेत माणूस फार कमी गिळतो. लंडनही खालीच आहे.

तर उतरायच्या चाळीस मिनिटं आधी आईला उठवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. गोळी-चॉकलेट चघळायला द्यायचं, घोट घोट पाणी, कान बंद वाटला तर नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळायचा. नाक धरून जोरात फुंकर मारायची नाही, हळू. सर्दी असेल तर नाक मोकळं करायचे थेंब खाली यायला लागायच्या तासभर आधी, पण तिला बीपी आहे म्हणून ते आधी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मिठाच्या पाण्याचा स्प्रे मात्र कधीही चालेल, आतली हवा कोरडी असते, ओलावा बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली, नाक-घसा सुकतो त्याने खोकला उठतो. त्या खोकल्यासाठी तोंडावर साधा मास्क ठेवला तरी बराच फरक पडतो, आपल्याच श्वासाचा ओलावा राहतो. पंप वापरत असेल तर तो हातातल्या पिशवीत, वरच्या कप्प्यात नको. आणि दर दीड-दोन तासांनी उठवून एक फेरी. त्या अभ्यासात पण ज्यांना अधूनमधून चालायला लावलं त्यांची अंगदुखी कमी झाली होती.

सह्याद्री_भटक्या

डॉक्टर, वेळेचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. याच दाबाच्या विषयात एक विचारतो, पुढच्या महिन्यात आमचा ग्रुप तारकर्लीला स्कूबाला जातोय आणि त्याच संध्याकाळी मोपाहून मुंबईची फ्लाइट आहे. चालेल ना?

छातीचा_डॉक्टर_दादर

नको. पाण्याखाली दाबाने रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला हवा, तेवढ्यात ७,००० फुटांच्या हवेत गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दोन दिवस असेल तर १८ तास थांबायचं. स्कूबा पहिल्या दिवशी करा, सिंधुदुर्ग किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवा आणि संध्याकाळच्या फ्लाइटने या. आणि गाडीने आंबोली घाट चढून परत यायचा विचार असेल तरी तेवढाच वेळ जाऊ द्या, घाटमाथा पण वर आहे.